बेंबीखालची दुर्बीण

परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या बाजारात साठी ओलांडलेल्या एखाद्या बाईला विचारा, ‘दुर्बीण’ म्हणजे काय? ती आभाळाकडे बघणार नाही. पदर सावरून बेंबीच्या खाली बोट टेकवेल. ‘माझं दुर्बिणीचं झालंय,’ हे वाक्य परभणी, बीड, जालना या पट्ट्यात इतकं रुळलेलं आहे की त्यात ‘ऑपरेशन’ हा शब्द घालायचीही गरज राहिलेली नाही. कुटुंबनियोजनाचे दोन प्रकार सगळ्यांना ठाऊक: एक टाक्याचं, दुसरं दुर्बिणीचं. टाक्याचं म्हणजे काही दिवस दवाखान्यात पडून राहायचं. दुर्बिणीचं म्हणजे सकाळी जीपमधून जायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं.

दुर्बीण हा शब्द फारसीतला. दूरचं बघणारी ती दुर्बीण. पण आमच्या भागातल्या बाईच्या पोटात ती बघायला फार क्वचित गेली. ती गेली नळ्या बंद करायला. ज्या बाईला मूल हवं होतं, पाळीच्या चार दिवसांत जी पोट धरून गडाबडा लोळत होती, तिच्या वाट्याला दुर्बीण आली नाही. ज्या बाईची तक्रारच नव्हती तिच्याकडे मात्र ती शिबिर घेऊन, तंबू ठोकून, वर पैसे देऊन आली. हे असं उलटं कसं झालं, त्याची ही हकिगत आहे.

सुरुवात १९७२ पासून करू. मराठवाड्यात ते साल दुष्काळाचं म्हणून ओळखलं जातं. खडी फोडायला गेलेली आणि मिलो ज्वारी खाल्लेली पिढी अजून ते साल विसरलेली नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मानवतमध्ये खून व्हायला लागले. बळी होत्या मुली आणि बायका. ही मालिका जानेवारी १९७४ पर्यंत चालली. मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी तपासाला आले. तपासातून जी गोष्ट बाहेर आली तिच्या मुळाशी न होणारं मूल, थांबलेली पाळी, पिंपळावरचा मुंजा आणि गुप्तधन होतं. प्रमुख आरोपी म्हणून उभे केलेले दोघे वरच्या न्यायालयात निर्दोष सुटले. २०२४ मध्ये त्या प्रकरणावर वेबमालिका आली आणि गावाचं नाव पुन्हा घरोघरी पोचलं. तो खटला इथे उगाळायचा नाही. कापसाच्या बाजारपेठेच्या या गावाला तेवढीच एक ओळख चिकटून राहावी हेही बरं नाही. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. बाईची पाळी थांबणं, कूस न उजवणं हे त्या काळी कुणाच्या अखत्यारीतलं होतं? देवऋष्याच्या, मुंजाच्या, नवसाच्या. डॉक्टर त्या यादीत फार खाली होता. खरं सांगायचं तर तालुक्याच्या डॉक्टरकडे आत डोकावून बघायचं साधनही नव्हतं.

ते साधन त्याच १९७२ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात वापरात आलं होतं. डॉ. टेहेम्टन उदवाडिया नावाचे पारशी शल्यचिकित्सक तिथे लॅपरोस्कोप घालून रोग्यांची पोटं तपासू लागले होते. पोट न फाडता, बेंबीजवळच्या छोट्या छेदातून नळी आत सरकवायची आणि डोळा लावून यकृत, आतडी, क्षयाच्या गाठी बघायच्या. मानवत रोड स्टेशनवरून तेव्हा मीटर गेजची गाडी निघायची, मनमाडला ती बदलायची आणि मुंबई गाठायची. एका रात्रीचा प्रवास. एका टोकाला मुंजा, दुसऱ्या टोकाला दुर्बीण. साल एकच.

हे यंत्र तेव्हाही नवं नव्हतं. १९०१ मध्ये ड्रेस्डेनच्या गेऑर्ग केलिंगने कुत्र्याच्या पोटात हवा भरून, मूत्राशय बघायची नळी आत घालून, हॅम्बुर्गच्या सभेत ते सगळं दाखवलं होतं. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या याकोबेयसने तेच माणसावर केलं. नंतर हंगेरीच्या यानोश वेरेसने १९३८ मध्ये एका सुईचं वर्णन प्रसिद्ध केलं. या सुईच्या पोटात स्प्रिंग असते. टोकाला विरोध संपला की आतला बोथट दांडा पुढे येतो आणि धारदार टोक झाकलं जातं. वेरेसने ही सुई केली होती क्षयाच्या रोग्यांसाठी, त्यांच्या छातीत हवा सोडून फुप्फुस बसवायला. आज जगातल्या बहुतेक स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ट्रेमध्ये हीच सुई पहिली असते. पोटात कार्बन डायऑक्साईड भरायचा तो तिच्यातून. साधी हवा का नाही? कार्बन डायऑक्साईड पेट घेत नाही आणि रक्तात लवकर विरघळतो, म्हणून. पोट तंबूसारखं फुगलं की आतडी बाजूला सरतात, बाईचं डोकं खालच्या बाजूला कललेलं असेल तर आणखी सरतात, आणि ओटीपोटातला सगळा संसार डोळ्यांसमोर येतो.

हे डोकं खाली करण्याचं तंत्र पॅरिसच्या राऊल पामेरने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बसवलं. त्याचं गिऱ्हाईक कोण, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. मूल न होणाऱ्या बायका. त्यांच्या नळ्या उघड्या आहेत की चिकटलेल्या, बीजांडकोशावर काय आहे, हे पामेरला प्रत्यक्ष बघायचं होतं. म्हणजे स्त्रीरोगातली दुर्बीण जन्मालाच आली ती वांझपणाचा शिक्का बसलेल्या बाईसाठी. इंग्लंडात ओल्डमसारख्या गिरणगावात पॅट्रिक स्टेप्टो हे तंत्र शिकला आणि १९६७ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. रॉबर्ट एडवर्ड्सबरोबर त्याने दुर्बिणीतूनच बीजांड काढलं आणि २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन जन्मली. मूल हवं असलेल्या बाईसाठी बनलेल्या नळीतून जगातलं पहिलं टेस्टट्यूब बाळ आलं, यात आश्चर्य नाही.

मधे एक अडचण होती ती उजेडाची. पूर्वी नळीच्या टोकाला छोटा दिवा असायचा. तो तापायचा, आतड्याला चटका बसायचा. १९५४ मध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोग्याचा नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडीतून चित्र नेता येतं हे ‘नेचर’मध्ये दाखवलं. पुढे दिवा बाहेर राहिला आणि थंड उजेड तेवढा आत गेला. हॉपकिन्सनेच नंतर नळीत काचेचे लांब दांडे बसवून चित्र इतकं लख्ख केलं की पोटातली केसाएवढी रक्तवाहिनीही दिसू लागली.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. जर्मनीतल्या किल शहराचा कुर्ट झेम. हा स्त्रीरोगतज्ज्ञ. पोटात वायू मोजून सोडणारं यंत्र त्याने केलं, आत गाठ मारायची युक्ती काढली आणि १३ सप्टेंबर १९८० रोजी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं. बाकीचे सर्जन खवळले. जर्मन शल्यचिकित्सक संघटनेच्या अध्यक्षांनी त्याची वैद्यकी थांबवावी असं लिहून कळवलं. त्याच्या सहकाऱ्यांनी तर त्याला डोक्याची तपासणी करून घ्यायला लावली होती! बायकांचा डॉक्टर आपल्या हद्दीत आला याचा तो राग होता. मोठमोठ्या सर्जननी पुढे पित्ताशय काढायला जी कला उचलली, ती मुळात प्रसूतिगृहाच्या शेजारच्या खोलीतून आली होती. भारतात दुर्बिणीने पहिलं पित्ताशय निघालं ३१ मे १९९० रोजी, जे. जे. मध्येच, उदवाडियांच्या हातून.

आता परत घराकडे.

आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या ६२ लाख पुरुषांच्या. महाराष्ट्राने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूरही केलं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते कायदा बनलं नाही. १९७७ ला सरकार पडलं आणि त्या पराभवात नसबंदीचा वाटा होता, हे प्रत्येक पुढाऱ्याने मनात नोंदवून ठेवलं. पुरुषाला परत हात लावायची हिंमत कुणाला झाली नाही. लोकसंख्येचं उद्दिष्ट मात्र तसंच राहिलं. मग मोर्चा वळला बाईकडे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं तेव्हा त्यांचा मुद्दा बाईच्या सुखाचा आणि तिच्या मर्जीचा होता. साठ वर्षांनी त्याच कामाला ‘टार्गेट’ म्हणू लागले.

नेमक्या याच वेळी दुर्बिणीला जोडीदार मिळाला. आधी गर्भनलिका विजेने जाळून बंद करत, त्यात शेजारचं आतडं भाजण्याचा धोका असे. अमेरिकेत काम करणाऱ्या इन्बे यून या कोरियन डॉक्टरने सत्तरीच्या दशकात सिलिकॉनची इवलीशी रिंग काढली. गर्भनलिका चिमट्याने ओढून तिचा वेढा करायचा आणि वेढ्याच्या बुडाशी रिंग सोडायची, पोत्याच्या तोंडाला सुतळी आवळावी तशी. दोन्ही बाजूंना मिळून पाचएक मिनिटं. पोट फाडायचं नाही, पूर्ण भूल लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी. सरकारी कार्यक्रमाला याहून सोयीचं काय मिळणार? ऐंशीच्या दशकात दुर्बिणीची शिबिरं खेडोपाडी लागली. तलाठी, ग्रामसेवक, प्राथमिक शिक्षक, नर्सबाई, सगळ्यांना ‘केस’ आणायचा आकडा ठरवून दिलेला. ‘केस’ हाच शब्द होता. माणूस आणायचा नव्हता, केस आणायची होती.

मुंबईचे डॉ. पी. व्ही. मेहता या शिबिरांचे बादशहा. १९८९ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्याच्या शीर्षकातच आकडा होता: एकाच सर्जनने केलेल्या २,५०,१३६ दुर्बीण-नसबंदी. अडीच लाख! कसबाबद्दल शंका नाही. जगात दुसऱ्या कुणाचा हात इतका बसला असेल असं वाटत नाही. पण हा आकडा दुसऱ्या अंगानेही वाचता येतो. वर्षाला तीनशे दिवस आणि सलग दहा वर्षं असा कच्चा हिशेब मांडला तर रोजच्या त्र्याऐंशी बायका होतात. त्र्याऐंशी हा आकडा पुढे एकदा फार वाईट कारणाने भेटणार होता.

८ नोव्हेंबर २०१४. छत्तीसगडातलं बिलासपूर. एका बंद पडलेल्या खासगी दवाखान्यात शिबिर लागलं आणि एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची दुर्बिणीची नसबंदी केली. त्यांतल्या डझनभर जणी दगावल्या. सरकारचाच नियम सांगत होता की एका पथकाने तीन दुर्बिणी घेऊन दिवसाला तीसच शस्त्रक्रिया कराव्यात. हा नियम हवेतून आलेला नाही. प्रत्येक बाईनंतर दुर्बीण जंतुनाशक द्रावणात वीस मिनिटं बुडवून ठेवावी लागते. दुर्बीण एकच असेल तर ८३ बायकांना नुसत्या बुडवण्यातच सत्तावीस तासांहून जास्त वेळ जातो. त्याच महिन्यात ओडिशातल्या अंगुल जिल्ह्यात बायकांची पोटं सायकलच्या पंपाने फुगवल्याची बातमी आली. वेरेसच्या सुईचं आणि झेमच्या मोजून वायू सोडणाऱ्या यंत्राचं हे असं झालं. १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात नसबंदीची शिबिरं तीन वर्षांत बंद करा असा आदेश दिला. पुरुषांचं काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित बायकांची नसबंदी झालेली होती, पुरुषांची ०.३ टक्के.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. आमच्या भागातल्या कित्येक बायका ‘दुर्बिणीचं’ स्वतःहून करून घ्यायला गेल्या. चौथं-पाचवं बाळंतपण टळलं, जीव वाचला, असं म्हणणाऱ्या आज्या घरोघरी आहेत आणि त्यांचं खरं आहे. माझी तक्रार रिंगेबद्दल नाही. तक्रार अशी की डॉक्टर पाच मिनिटं ज्या नळीतून बघत होता, त्याच नळीतून आणखी दोन मिनिटं बघून गावातल्या दुसऱ्या बाईला काय झालंय हे कळलं असतं.

ही दुसरी बाई म्हणजे लग्नाला सहा-सात वर्षं होऊन कूस रिकामी असलेली. तिच्यासाठी दुर्बीण काय करते? खालून गर्भाशयात निळं औषध सोडतात आणि वरून दुर्बिणीतून बघतात. नळीच्या टोकातून निळा थेंब बाहेर पडला तर नळी उघडी, नाही पडला तर बंद. आपल्याकडे नळ्या बंद पडण्यामागे क्षय हे मोठं कारण आहे. फुप्फुसाचा क्षय खोकला देतो म्हणून लक्षात येतो. गर्भनलिकेचा क्षय खोकत नाही, तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. दुर्बिणीत मात्र पांढरे बारीक दाणे दिसतात. काहींच्या बीजांडकोशात जुन्या रक्ताच्या, चॉकलेटच्या रंगाच्या गाठी असतात. पाळीला पोट का दुखतं आणि मूल का राहत नाही या दोन्हींचं उत्तर त्या गाठीत असतं आणि बऱ्याचदा ती तिथल्या तिथे काढताही येते. यातलं काहीच न दिसल्यामुळे जिला उपास, नवस, अंगारा आणि शेवटी सवत मिळाली, अशा बायकांची मोजणी कुणी केली नाही. त्यांचं टार्गेट नव्हतं.

तिसरी बाई ऊस तोडायला जाणारी. मानवतपासून बीड जिल्ह्याची हद्द लांब नाही. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेऊन ‘कोयता’ निघतो. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एक दिवस पडला की खाडा, खाडा झाला की पैसे कापले. पाळी अंगावर जास्त जाते, पांढरं जातं, पोटात दुखतं, म्हणून ती डॉक्टरकडे गेली की उत्तर तयार: पिशवी खराब झालीय, काढून टाका. पिशवी गेली की पाळी गेली आणि पाळी गेली की खाडा गेला, हा हिशेब तिलाही पटायचा. २०१९ मध्ये वर्तमानपत्रांनी हे बाहेर काढल्यावर विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सहा जणींत एक. तेव्हापासून बीडमध्ये पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांवर नजर ठेवणारी मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

या बायकांपैकी बऱ्याच जणींची तक्रार संसर्गाची, रक्तक्षयाची, हार्मोनच्या गडबडीची असणार. पाणी नाही, संडास नाही, कापड वाळवायला जागा नाही, अशा खोपीत दुसरं काय होणार? त्यावर गोळ्या आहेत. पिशवीच्या आतली छोटी गाठ असेल तर खालूनच, टाका न घालता, हिस्टेरोस्कोप या गर्भाशयात घालायच्या दुर्बिणीने काढता येते. भिंतीतली गाठ असेल तर दुर्बिणीतून तेवढी सोलून काढता येते आणि पिशवी शिल्लक राहते. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले तर तिशीतल्या बाईला एका रात्रीत पन्नाशीचं शरीर येतं. हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात आणि ऊस तर तोडायचाच असतो.

गंमत अशी की याच काळात हेच तंत्र मराठी मुलखात कुठल्या कुठे पोचलं होतं. अमेरिकेत हॅरी राइशने १९८८ मध्ये दुर्बिणीने पहिलं गर्भाशय काढलं. नव्वदीत मुंबई-पुण्यात ते सर्रास होऊ लागलं. पुण्याचे डॉ. शैलेश पुणतांबेकर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं ऑपरेशन, जे पूर्वी पोट उभं चिरून होत असे, ते दुर्बिणीने करू लागले. त्यांच्या पद्धतीला २००७ पासून वैद्यकीय वाङ्मयात ‘पुणे तंत्र’ असं गावाचंच नाव मिळालं. मग १८ मे २०१७ उजाडला. गॅलक्सी केअर रुग्णालयात त्यांच्या पथकाने सोलापूरच्या, जन्मतःच गर्भाशय नसलेल्या एका तरुणीला तिच्या आईचं गर्भाशय बसवलं. देशातलं हे पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण. आईच्या पोटातून ते काढलं दुर्बिणीने. दुसऱ्या दिवशी बडोद्याच्या एका बाईचं झालं आणि १८ ऑक्टोबर २०१८ रोजी तिला मुलगी झाली. वर्षभरातच बीडमधल्या त्या तेरा हजार आठशे एकसष्ट पिशव्यांची मोजणी सुरू झाली. पुणे आणि बीड यांच्यात एस.टी.चा निम्म्या दिवसाचा रस्ता आहे.

मानवतच्या बाईला आजही दुर्बिणीच्या खऱ्या तपासणीसाठी परभणी, नांदेड नाही तर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. परभणीत २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे; तिथून पुढची पिढी बघायला शिकेल अशी आशा आहे. तोवर एक विनंती. घरातल्या कुणाला ‘पिशवी खराब झालीय’ असं सांगितलं तर लगेच तारीख घेऊ नका. खराब म्हणजे नेमकं काय, ते विचारा. सोनोग्राफीचा कागद, रक्ताचा कागद, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासल्याचा कागद मागा. आधी दुर्बिणीने आत बघता येईल का, नुसती गाठ काढून भागेल का, बीजांडकोश ठेवणार का, हे विचारा आणि दुसऱ्या एका डॉक्टरला दाखवा. आणि पिशवी काढावीच लागली तर ती काढून कुठे गेली, तिचा तपासणी अहवाल काय आला, तेही मागून घ्या. तो कागद तुमच्या बाईचा आहे, दवाखान्याचा नाही.